माघारी मागितलेलं इख

सोमाटणे फाट्याचा सिग्नल लागला आणि यशोधराचा फोन वाजला. गाडीत पिकल्या केळ्यांचा वास कोंडला होता. केळी मात्र नव्हती. मागच्या सीटवर जुन्या चादरीत गुंडाळलेल्या काचा होत्या, आणि त्या काचांवर सकाळी तिकोणा पेठेतल्या मधमाश्यांनी सोडलेलं विष वाळून पांढरं झालं होतं. माशी चिडली की असा वास सुटतो. सुरुवातीला यशोधराला त्याचं नवल वाटायचं, मग सवय झाली, आणि हल्ली बाजारात केळ्यांच्या हातगाडीजवळून जाताना तिचे खांदे आपोआप आखडायचे. फोन महिपती आबांचा होता. मघाशीच तर ती त्यांच्या अंगणातून निघाली होती. आबा स्वतःहून फोन करत नसत. काही निरोप असला तर त्यांचा मुलगा निलेश करायचा.

"ताई, पोचला का?"

"नाही आबा, सोमाटण्यात अडकलेय. काही राहिलं का माझं तिथं?"

पलीकडे वारा ऐकू येत होता. आबा बांधावर उभे असावेत. घरात रेंज मिळत नसे.

"ऱ्हायलं न्हाई. तुमी नेलंया. त्यातलं थोडं माघारी द्या."

"काय?"

"इख. हिला घालायचंय. समोर इचारायला जीभ उचलली न्हाई, म्हनून आता इचारतो."

सिग्नल सुटला होता. मागचा टेम्पो हॉर्नवर हात ठेवून बसला होता. यशोधरानं गाडी पुढं घेतली, तळेगावच्या प्रयोगशाळेकडं वळायचं सोडून माघारी फिरवली आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपण 'येते' असं म्हणून बसलो आहोत. काय घेऊन येते, ते तिनं सांगितलं नव्हतं, आणि आबांनीही विचारलं नव्हतं. वडगाव मागं पडलं. कामशेतच्या वळणावर तिनं काच खाली केली, वास थोडा निवळला. इतकी वर्षं हा रस्ता तिनं एकाच ओढीनं कापला होता. कामशेत, पवनानगर, धरणाच्या काठाला लागलेले पर्यटकांचे तंबू, त्यातले काही निलेशचे, आणि मग तिकोण्याच्या पायथ्याची ती शेवटची चढण. मधमाश्यांच्या पेट्यांसाठी जाते असं ती प्रयोगशाळेत सांगायची. ते खोटं नव्हतं. बिनफवारणीचं रान, पावसाळा सरताना कारळ्याची पिवळी शेतं, उन्हाळ्याच्या तोंडावर जांभळाचा मोहोर, आणि पेट्या सांभाळणारा माणूस, हे सगळं एका जागी तिला दुसरीकडं कुठं मिळालं नव्हतं. पण पेट्यांपर्यंत पोचायच्या आधी अंगण लागायचं, आणि अंगणात आबांची बायको, बयाबाई, असायची. ती हातातलं काम खाली ठेवायची, पदराला हात पुसायची आणि यशोधराच्या पाठीवर, मानेच्या जरा खाली, पुरा तळवा ठेवायची. "आली गं माझी येसोदा." बस, एवढंच. यशोधराच्या लोणावळ्याच्या घरात कुणी कुणाला हात लावत नसे. आई शाळेत शिकवायची, बाबा रेल्वेच्या कचेरीत होते. दोघंही फार चांगले. पावसाळ्यात भुशी धरणाकडं जाणाऱ्या गाड्यांच्या रांगांनी गाव तुंबायचं तेव्हा तिघं खिडक्या लावून तीन खोल्यांत तीन पुस्तकं वाचत बसायचे. माया होती, ती धुतलेल्या चादरीच्या घडीत होती, वेळेवर झालेल्या पोह्यांत होती. अंगाला ती कधी लागली नव्हती. चाळिशी ओलांडलेली बाई पाठीवरच्या एका हातासाठी घाट चढते, हे तिनं स्वतःलाही मोठ्यानं सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा ती पेट्यांना चौकट लावत होती तेव्हा बयाबाई मागं येऊन उभी राहिली होती. चौकटीवर बारीक तारा ताणलेल्या, तारांखाली काच. तारेतून हलका विजेचा झटका गेला की माशी चवताळते आणि काचेवर डंख मारते. काचेत काटा रुतत नाही, त्यामुळं माशी मरत नाही. विषाचा थेंब तेवढा मागं राहतो आणि वाळतो. यशोधरानं हे समजावून सांगितलं. बयाबाई बराच वेळ बघत राहिली. "मारत न्हाईस, पर रागाला आनतीस," ती म्हणाली. "तिचा राग खरवडून न्यायचा आनि औशद करायचं. चांगलंय." मग तिनं विचारलं होतं, कशाचं औषध? यशोधरानं सांगितलं, कर्करोगाचं. तेव्हा त्या घरात तो शब्द परका होता. बयाबाईनं नुसतं 'व्हय?' म्हटलं आणि ती भाकरी टाकायला गेली.

नंतर तो शब्द घरचा झाला. गाठ डाव्या स्तनात होती, आणि भाताची लावणी उरकल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, असं बयाबाईनं ठरवलेलं होतं. पुण्याच्या हॉस्पिटलात सलाइनी झाल्या, केस गेले, थोडे परत आले. एक सुगी बरी गेली. मग रोग फुप्फुसाच्या आवरणात उतरला, छातीत पाणी साचू लागलं. अलीकडच्या खेपेला डॉक्टरांनी निलेशला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता औषधं पुढं रेटण्यात अर्थ नाही. पाणी साचलं की काढू, दुखणं वाढलं की त्याच्या गोळ्या देऊ, त्यांना घरी राहू द्या. या सगळ्या काळात यशोधरा पेट्यांसाठी येत राहिली, काचा घेऊन जात राहिली, आणि घरातल्या कुणीही तिला एका शब्दानं विचारलं नाही. ती त्यांची रीत होती. त्यांच्या त्या न विचारण्याखाली ती अवघडून जायची. एकदा कुणीतरी विचारावं असं तिला वाटायचं. आणि कुणी विचारू नये म्हणून ती चौकटी भराभर आवरायची. आज विचारलं होतं.

पवनेच्या पाण्यावर ऊन उतरलं होतं. यशोधराला कळलं, की आपण गाडी चालवता चालवता हिशेब करतोय: बयाबाईचं वजन, किती पातळ केलं तर, किती थोडं दिलं तर. तिनं तो विचार झटकला. तो पुन्हा आला. काचेवरची ती पांढरी पूड ब्लेडनं सहज निघते. हात आपलेच. कुणाला कळणारही नाही. आणि समजा, नुसतं समजायला काय जातं, समजा एखाद्या वेळी लागू पडलं तर? ती इतक्या तीव्रतेनं हे 'समजा' धरून बसली, की चढणीवर पहिला गिअर टाकायचा राहून गेला आणि गाडी बंद पडली. खाली तंबूंपाशी कुणीतरी गाणी लावली होती. तिला एक साल हवं होतं. पुढचं कुठलंतरी, दहा वर्षांनी येणारं, पंधरा वर्षांनी येणारं. त्या सालात हे औषध असेल, साध्या बाटलीत, वर नाव छापलेलं. ते साल उचलून या चढणीवर आणून ठेवता आलं असतं तर. ती किल्ली फिरवत राहिली.

बयाबाई ओट्यावर खाटेवर बसली होती. तिला आडवं होता येत नव्हतं. पाठीशी गोधड्यांची चळत लावलेली. आबा उभेच होते. यशोधराचे रिकामे हात त्यांनी पाहिले, मग गाडीकडं पाहिलं.

"आनलं न्हाई?"

"गाडीत आहे, आबा. पण देता येणार नाही."

"का? आमच्याच पेट्यांतलं हाय."

"तुमचंच आहे. पण ते औषध नाही अजून."

"निलेशनं मोबाइलवर दावलं. बशीतल्या रोगावर टाकलं की तासाभरात मारतंय म्हनं. लबाड हाय का ते?"

"लबाड नाही. बशीत मारतं. मी स्वतः पाहिलंय."

"मंग? बशीत जे असतंय ते मानसातलंच काढलेलं असतंय न्हवं?"

या प्रश्नाला यशोधराजवळ उत्तर होतं, आणि ते तिनं अनेक सभांमधून, पडद्यावर चित्रं दाखवून दिलं होतं. पण आबांची मान जराशी पुढं झुकलेली होती, ऐकायला कमी येणाऱ्या माणसाची असते तशी, आणि ते उत्तराची वाट बघत होते. ती म्हणाली, "ते इख आंधळं असतं, आबा. गाठीतलं कुठलं आणि रक्तातलं कुठलं, त्याला कळत नाही. ज्याला लागेल त्याला भोक पाडतं. बशीत नुसती गाठच असते, म्हणून तिथं बरं दिसतं. अंगात घातलं तर रक्तसुद्धा फोडेल."

"मंग तुमी येवढी वरसं करताय काय?"

"त्याला गाठीपर्यंत झाकून कसं न्यायचं, ते शोधतोय. वाटेत कुणाला लागू नये म्हणून."

"घावलं?"

"थोडं. उंदरात. माणसापर्यंत यायला खूप वर्षं जातील. कदाचित येणारही नाही."

आबांनी टोपी काढून परत घातली. "ती तशीबी चाललीच हाय, ताई," ते हळू म्हणाले. बयाबाई ऐकत होती. तिच्यापासून काही लपवायची वेळ निघून गेली होती. यशोधराला वाटलं, आता आपण गाडीतून ते विष आणायला जाऊ. पाय खरोखरच तसे वळले. या एका वाक्यापुढं तिची सगळी चित्रं, सगळ्या सभा थिट्या पडल्या होत्या.

"आवो, चा ठिवा तिला," बयाबाई म्हणाली. आबा आत गेले. तिनं यशोधराला खाटेवर जागा करून दिली. बोलताना तिला मधेच थांबून श्वास गोळा करावा लागत होता. "घातलं तर काय व्हईल? खरं सांग."

"ताप भरेल. रक्त फुटेल. श्वास अडकेल बहुतेक. त्यातच..."

"व्हय. आनि न्हाई घातलं तर ह्येच, जरा दमानं." ती हसली. "मला मरायचं भ्या न्हाई गं. मला डाव्या कुशीवर झोपायचंय. जल्मभर डाव्या कुशीवर झोपले, आता बसून रात काढायची. लय वंगाळ." मग तिनं यशोधराचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "नगं घालू. पर मला दाव."

"काय दाखवू?"

"ह्यो रोग. मरताना कसा दिसतोय ते. माझ्यातला न्हाई तर दुसरीचा. येवढा मला खाल्ला, त्याला एकदा मरताना बगू दे."

निलेशनं तिला पुढच्या आठवड्यात तंबूंच्या सामानाच्या जीपमधून तळेगावला आणलं. यशोधरानं वरिष्ठांची परवानगी काढताना 'पेट्यांच्या मालकीणबाई' एवढंच सांगितलं होतं. अमृतानं, तिच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीनं, चाकाची खुर्ची आणली, अंगावर पांढरा कोट चढवला. कोटात बयाबाई लहान दिसत होती. भिंतीवरच्या पडद्यावर चित्र मोठं करून दाखवायची सोय होती, पण तिनं मान हलवली. "टीव्हीवर नगं. डोळ्यानं बगते." सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला डोळा लावायला तिला वेळ लागला. यशोधरानं तिच्या मागं उभं राहून डोकं धरलं. विरळ परत आलेल्या केसांखाली कवटी ऊबदार होती.

"काय दिसतंय, मावशी?"

"रोप टाकल्यालं वाफं. लावनीच्या आदी कसं दाटतंय, तसं." तिच्या आवाजात नाराजी नव्हती. रोप चांगलं उतरलेलं पाहिल्यावर बाई बोलते, तशी ती बोलली होती. अमृतानं थेंब सोडला. यशोधराला पाहायची गरज नव्हती, तिला तो क्रम पाठ होता: आधी कडा थरथरते, मग लांबट पेशी पाय आखडून घेते, गोल होते, फुगते, आणि मग तिच्यातलं जे काही असतं ते बाहेर सांडतं. तरी या खेपेला ती बयाबाईच्या खांद्याकडं बघत होती. खांदा ताठ झाला. बराच वेळ तसाच राहिला. मग उतरला.

"मेल्या," बयाबाई म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "कुनाची होती ही?"

"परदेशातली एक बाई. खूप वर्षांपूर्वी गेली. तिच्यातून काढलेल्या पेशी अजून वाढतात. जगभर तिच्यावरच प्रयोग करतात."

"नाव काय तिचं?"

"नाव नाही माहीत. नंबर आहे."

"आगं, पोरंबाळं असतील तिला," असं म्हणून तिनं डोळा काढून घेतला आणि पुन्हा काही ती तिथं बसेना. चांगल्या पेशींचं काय होतं, तेही तिनं विचारलं. त्याही मरतात, असं यशोधरानं सांगितलं. बयाबाईनं मान डोलावली. खाली जीपपर्यंत नेताना मात्र तिनं खुर्ची थांबवायला लावली.

"माझ्या छातीतनं पानी काढत्यात, त्यात ह्योच रोग असतोय न्हवं?"

"असतो."

"बादलीत वतत्यात. ते तू घे. त्याच्यावर घाल ह्यांच्या माश्यांचं इख. माझ्यावर नगं, माझ्यातल्याव घाल. आनि काय झालं ते ह्यांना सांग. मी असले काय, नसले काय. ह्यांच्या माश्यांनी माझा रोग मारला, येवढं त्यांच्या कानाव पडू दे. न्हाईतर ते आयुष्यभर त्या पेट्यांकडं वाकड्या नजरंनं बगत बसतील."

रीतसर परवानग्या लागल्या, समितीसमोर कागद गेले. बयाबाईनं निलेशच्या पाठीवर कागद ठेवून, अक्षर न् अक्षर जोडत सही केली. पुढच्या खेपेला हॉस्पिटलात पाणी काढलं तेव्हा यशोधरा खोलीबाहेर उभी होती. नर्सनं बाटली तिच्या हातात दिली. गव्हाच्या काडाच्या रंगाचं पाणी, त्यात किंचित लाली. ते थंड डब्यात ठेवायचं नव्हतं, आणि ऊबदार डबा अमृता घेऊन यायची होती, तिला ट्रॅफिकनं गाठलं होतं. बाटली माणसाच्या अंगाइतकी गरम होती. यशोधरानं ती ओढणीत गुंडाळली आणि पोटाशी धरून हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिली. लोक जात-येत होते. आत बयाबाई आता मोकळा श्वास घेत असेल, आणि इथं तिचाच एक भाग आपल्या पोटाशी ऊब धरून आहे. यशोधराला मूल नव्हतं. ते नसण्याचं दुःख तिनं कधी फार केलं नव्हतं. पण त्या बाकावर तिच्या हातांना एक वेगळीच समज आली. ती थोडीशी पुढं झुकली, पंख्याचा वारा लागू नये म्हणून. जे आपण पोटाशी धरलं आहे ते बयाबाईला मारतं आहे, हे तिला ठाऊक होतं. तिनं हात सैल केले नाहीत.

बयाबाई संक्रांतीच्या अलीकडं गेली. सकाळी आबांनी तोंड धुवायला पाणी दिलं तेव्हा होती, चूळ भरली, आणि मग नव्हती. यशोधरा तिकोणा पेठेला गेली. अंगणात माणसं होती. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. तिला कुणाच्या गळ्यात पडायचं ते कळेना. ती पेट्यांच्या दिशेनं भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या पाठीला, मानेच्या जरा खाली, भिंतीचा गारवा लागत होता.

त्या पाण्यातल्या पेशी पहिले काही दिवस नुसत्या तरंगत राहिल्या. तरंगणाऱ्या पेशी बहुधा मरतात. माणसातून काढलेला रोग बशीत सहसा जगत नाही, हे या धंद्यातलं साधं सत्य आहे. नंबराच्या त्या परदेशी बाईसारखी एखादीच. बाकीच्या हजारोंचा रोग आपल्या माणसाबरोबरच जातो. यशोधरा हे जाणून होती आणि तरीही सकाळी आल्या आल्या, कोट घालायच्याही आधी, ती उबवणीच्या कपाटाचं दार उघडायची. पेशींचा खाऊ, म्हणजे त्या ज्यात वाढतात ते पाणी, बदलायची. खाऊ बदलताना जास्त हलवू नये म्हणून श्वास रोखून धरायची. एका सकाळी काही पेशींनी तळ धरलेला दिसला. थोड्याच. पाय पसरून, काचेला घट्ट बिलगून. तिच्या तोंडून जोरात काहीतरी निघालं असावं, कारण अमृता धावत आली. "धरलं?" "धरलं." दोघी हसल्या, आणि मग अमृताच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं आणि ती आपल्या टेबलाकडं निघून गेली.

यशोधरा तिथंच बसून राहिली. जिच्या आयुष्याची पंधरा वर्षं हा रोग कसा मरेल या एका प्रश्नात गेली, ती आता 'जगा गं बायांनो' म्हणत होती. मनात नाही, ओठांनी. लोणावळ्याहून आईचा फोन आला, "जेवलीस का?" ती 'हो' म्हणाली आणि खोकल्याचं निमित्त केलं. आईला काहीतरी विचारायचं असावं, पण तिनं विचारलं नाही. "पांघरूण घे नीट," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. यशोधरानं पुन्हा भिंगाला डोळा लावला. या पेशींत ती बयाबाई शोधत होती. शास्त्रानं म्हटलं तर होतीच ती तिथं, पुरी, तिच्या आजीपणजीसकट. पण डाव्या कुशीवर झोपायची सवय त्यात कुठं होती? पदराला पुसलेला हात कुठं होता? हे तिच्यातलं सगळ्यात वाईट होतं, तिला गिळून बसलेलं, आणि मागं राहिलं ते एवढंच होतं. माणसाचं काय मागं राहावं, हे आपल्या हातात नसतं. जे राहिलं, त्यालाच ती जपत होती.

"मॅडम," एक दिवस अमृता म्हणाली, "या फार टिकणार नाहीत. वाढ मंदावलीये. आता घातलं नाही तर पुढं घालून काही कळणार नाही."

"थोड्या गोठवून ठेवता येतील?"

"एवढ्या कुठं आहेत? गोठवल्या तर घालायला उरत नाहीत. आणि गोठवलेल्या परत उठतीलच असं नाही." अमृता जरा घुटमळली. "त्यांनी घाला म्हणूनच दिल्यात ना?"

दिल्या होत्या त्याच्यासाठीच. यशोधरानं त्या दिवशी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सकाळी डबीतून तिकोणा पेठेचं विष काढलं, गेल्या जांभळाच्या मोहोरातलं, मोजलं, विरघळवलं. पेशी ताटलीच्या खणांमध्ये वाटलेल्या होत्या. तिनं स्वतःच्या हातानं थेंब सोडला. डोळा लावला, कारण न बघणं म्हणजे बयाबाईला एकटं सोडणं, असं तिला वाटलं. कडा थरथरल्या. पाय आखडले. नंबराच्या बाईपेक्षा यांनी जास्त वेळ घेतला. काचेला धरून राहिल्या, एकीनं तर अगदी शेवटपर्यंत एक पाय सोडला नाही. मग तोही सुटला. यशोधराच्या डोळ्यातलं पाणी भिंगावर पडलं, ते पुसायला कागद शोधताना तिचा हात शेजारच्या खणावरून गेला. त्या खणात नुसतं मिठाचं पाणी घातलं होतं. कुठलाही प्रयोग असला तरी एका खणात काही घालायचं नसतं, तुलनेला. हा नियम ती शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी सांगायची. त्या खणातल्या पेशी होत्या तशा होत्या. पाय पसरून, तळाला बिलगून, आपल्या ऊबेत.

तिनं आबांना फोन लावला. फोनवर सांगायचं नाही असं ठरवूनही ती बोलायला लागली, तर आबा म्हणाले, "थांबा. म्या येतो."

निलेशनं त्यांना आणलं. आबांनी दारातच चपला काढल्या. अमृता 'असू द्या' म्हणाली तरी पुन्हा घातल्या नाहीत. पांढरा कोट धोतरावर लोंबत होता. निलेश खाली जीपपाशी थांबला, तो वर यायला तयार नव्हता. यशोधरानं पहिला खण भिंगाखाली सरकवला. आबांनी टोपी काढून काखेत धरली आणि वाकले. त्यांना मेलेल्या पेशी म्हणजे काय ते सांगावं लागलं. सांडलेला भुसा दिसतो तसं.

"ह्यो तिचा रोग?"

"हो."

"आपल्या माश्यांनी मारला?"

"तुमच्याच. जांभळाच्या मोहोरातल्या."

"समदा?"

"या खणातला सगळा, आबा."

आबांनी मान हलवली. त्यांना आनंद झाला नाही. पण पाठ थोडी सरळ झाली, जसं एखाद्यानं दिलेलं उसनं परत मिळावं. "चांगल्या माश्या हायती," ते म्हणाले. "त्यांच्याव राग न्हाई माझा." मग त्यांची नजर ताटलीवर गेली. "आनि ह्यो शेजारचा?"

"त्यात काही घातलेलं नाही. एक तसाच ठेवावा लागतो."

"म्हंजी?"

यशोधरानं त्या खणाच्या कडेवर बोट ठेवलं. "त्या आहेत अजून," ती म्हणाली. "थोडे दिवस."

"जित्या?"

"जित्या."

तिनं ताटली सरकवली, भिंग जुळवलं आणि बाजूला झाली. ते पुन्हा वाकले. एक हात टेबलावर, दुसऱ्या हातात काखेतून निसटू पाहणारी टोपी. ते भिंगाशी डोळा पुढंमागं करत राहिले. यशोधराला वाटलं, त्यांना दिसत नसेल. ती पुढं होणार होती. तेवढ्यात त्यांचे ओठ हलले. संध्याकाळी शेतावरून आल्यावर, बाहेरच्या दगडावर पाय धूत, घरात कोण आहे हे पुरतं ठाऊक असताना माणूस ज्या आवाजात हाक मारतो, त्या आवाजात, अगदी हळू, ते म्हणाले,

"आगं..."

आणि भिंगाला डोळा लावून थांबून राहिले.

ताटली बाहेर फार वेळ ठेवायची नसते. पेशींना गारठा बाधतो. दारातून अमृतानं घड्याळाकडं खूण केली. यशोधरानं हात वर करून तिला थांबवलं, आणि खोलीतला पंखा बंद केला.